गिअरबॉक्स उतरवायच्या आधी मल्टीमीटर काढा: ऑटोमॅटिक गाडीतले इलेक्ट्रिकल फॉल्ट घरच्या घरी कसे शोधायचे

ऑटोमॅटिक गाडी एकाच गिअरमध्ये अडकली, डॅशवर लाइट लागला आणि गॅरेजमधून "साहेब, गिअरबॉक्स खोलायला लागेल" असा फोन आला तर आधी उलट विचारा, बॅटरी लोडवर (करंट ओढला जात असताना) चेक केली का आणि गिअरबॉक्सचा अर्थ, म्हणजे बॅटरीच्या मायनसला परत जोडणारी अर्थिंगची वाट, बघितली का? "स्कॅनर (फॉल्टचे कोड वाचणारं यंत्र) लावला होता" एवढंच उत्तर आलं तर समजा अजून कोणी काही बघितलेलंच नाहीये.

माझी स्वतःची गाडी जुनी, टॉर्क कन्व्हर्टरवाली (इंजिनची ताकद ऑइलमधून गिअरबॉक्सला देणारी) सहा गिअरची, दोन पावसाळ्यांपूर्वी कसारा घाटात तिसऱ्यात अडकली. किल्ली बंद करून परत चालू केली की एकदम शहाणी, वीस-पंचवीस मिनिटांनी पुन्हा तेच. एका गॅरेजने टीसीएम, म्हणजे गिअरबॉक्सचा कंप्युटर, गेला म्हणून सांगितलं, दुसऱ्याने व्हॉल्व्ह बॉडी, म्हणजे गिअरबॉक्सच्या आत ऑइलच्या वाटा उघडझाप करणारा भाग, दोघांचे आकडे ऐकून मी घरीच मीटर घेऊन बसलो. शेवटी निघालं काय तर बॅटरीच्या ट्रेखाली अर्थची वायर जिथे बॉडीला बोल्टने धरलेली असते तिथे लगच्या (वायरीच्या टोकाच्या धातूच्या कडीच्या) खाली हिरवट पांढरा थर, ताक पितळेच्या भांड्यात कळकतं ना तसा. आणि गंमत म्हणजे त्याच वायरची कंटिन्यूटी, म्हणजे वायर सलग आहे का ते, मी पहिल्याच दिवशी बघितली होती, मीटर मस्त बीप करत होता, म्हणून मी ती यादीतून काढून टाकली आणि पुढचे तीन दिवस भलतीकडे शोधत बसलो. म्हणून हे लिहायला घेतलंय. बीपवर विश्वास ठेवू नका, वायर तपासायची ती तिच्यातून करंट जात असताना, एवढं एक डोक्यात ठेवलं तर खालचं सगळं आपोआप कळत जाईल.

आधी सिस्टिम थोडक्यात

टीसीएमचं काम म्हणजे शेतात दारं धरण्यासारखं. ह्या वाफ्याला पाणी सोड, त्या वाफ्याचं बंद कर. फक्त इथे पाण्याच्या जागी गिअरबॉक्सचं ऑइल आणि फावड्याच्या जागी सोलेनॉइड, म्हणजे करंट दिला की हलणारा व्हॉल्व्ह. कुठलं दार कधी उघडायचं हे ठरवायला त्याला माहिती लागते, म्हणजे लिव्हर पी, आर, एन, डी पैकी कशात आहे (रेंज स्विच), गिअरबॉक्समध्ये शिरणारा शाफ्ट किती फिरतोय आणि बाहेर पडणारा किती (इनपुट आणि आउटपुट स्पीड सेन्सर), ऑइल किती तापलंय, ब्रेकवर पाय आहे का, आणि अॅक्सिलरेटर किती दाबलाय ते इंजिनच्या कंप्युटरकडून (ईसीएम) कॅनच्या, म्हणजे गाडीतली मॉड्यूल (छोटे कंप्युटर) एकमेकांशी बोलतात त्या लाइनच्या, दोन वायरींवरून येतं. ह्यातलं काही गडबडलं की टीसीएम हात वर करतो, सोलेनॉइडचा करंट तोडतो आणि ऑइलच्या दाबाने जो गिअर आपोआप लागतो त्यात गाडी ठेवतो. हाच लिंप मोड. बऱ्याच गाड्यांत हा तिसरा असतो, काहींत चौथा-पाचवा. म्हणजे लिंप मोड हा आजार नाहीच, गाडी घरी पोचावी म्हणून केलेली सोय आहे ती.

टीसीएम कुठे असतो ते गाडीगणिक वेगळं, कधी डॅशच्या खाली, कधी बॉनेटमध्ये बॅटरीच्या शेजारी, काही गाड्यांत तर गिअरबॉक्सच्या पोटातच ऑइलमध्ये. पोटात असेल तर घरी करण्यासारखं बाहेरच्या प्लगपर्यंतच, पुढे नाही.

आपल्याकडे २०१४ ला मारुतीने सेलेरियोत एएमटी आणली तेव्हापासून ऑटोमॅटिक म्हणजे बऱ्याच जणांकडे एएमटीच असते. त्यात टॉर्क कन्व्हर्टर नाही, साधा मॅन्युअल गिअरबॉक्स आणि साधा क्लच, फक्त क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम मशीन करतं. हायड्रॉलिक पद्धतीच्या एएमटीत ड्रायव्हरचं दार उघडलं की बॉनेटमधून पंपाचा घुंईंई आवाज येतो, तो पंप प्रेशर बनवत असतो. तो आवाज येईनासा झाला किंवा उलट दर अर्ध्या मिनिटाला यायला लागला तर नोंद करून ठेवा. न येणं म्हणजे फ्यूज, रिले किंवा पंपाची मोटर, सारखा सारखा येणं म्हणजे प्रेशर कुठेतरी गळतंय, ते बहुतेक वायरिंगचं काम नसतं. बाकी खाली जे बॅटरी-अर्थ-कपलर (वायरींचा प्लग) वगैरे आहे ते एएमटीलाही जसंच्या तसं लागू, किंबहुना जास्तच, कारण पंपाची मोटर करंट भरपूर खाते आणि बॅटरी जरा बसली की एएमटीच आधी रडते.

इलेक्ट्रिकल आहे की मेकॅनिकल, अंदाज कसा बांधायचा

वायरिंगचा फॉल्ट लहरी असतो. अचानक येतो, अचानक जातो, किल्ली बंद-चालू केली की गप्प होतो, पाऊस पडला की येतो, खड्ड्यात आपटली की येतो, गाडी तापली की येतो. क्लच प्लेटा झिजल्या असतील तर तसं होत नाही, आधी चढावर थोडी स्लिप, मग जास्त स्लिप, मग झटके, असं महिनोन्महिने वाढत जातं आणि ऑइलला जळका वास येतो, रंग काळपट होतो. म्हणून मीटरला हात लावायच्या आधी ऑइलची लेव्हल आणि वास बघून घ्या. डिपस्टिक नसेल तर लेव्हल प्लग असतो, तो गाडी सपाट जागेवर आणि ऑइल ठराविक टेंपरेचरला असतानाच उघडायचा, ते जमत नसेल तर गॅरेजमधून करून घ्या. ऑइल कमी असतानाही गिअर रेशोचे कोड येतात आणि माणूस सेन्सर बदलत बसतो.

अजून एक अगदी फुकटची तपासणी. गाडी पी मधून निघतच नसेल, लिव्हर हलत नसेल, तर कोणाला तरी मागे उभं करून ब्रेक दाबा आणि ब्रेक लाइट लागतो का विचारा. नाही लागला तर ब्रेक स्विच किंवा त्याचा फ्यूज गेलाय, गिअरबॉक्सचा काही संबंध नाही. लिव्हरपाशी छोटं झाकण असतं, त्यात चावी किंवा स्क्रू ड्रायव्हर दाबून लिव्हर सोडवता येतो, बहुतेक मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं. आमच्या सोसायटीत एकाने एवढ्यासाठी टोइंग बोलावलं होतं, तेही पुढची चाकं जमिनीवर ठेवून ओढायला निघाले होते. ऑटोमॅटिक गाडी इंजिन बंद असताना चालवणारी चाकं जमिनीवर ठेवून ओढायची नाही हो, आतला पंप इंजिनवर फिरतो, ऑइल पोचत नाही आणि चांगला गिअरबॉक्स खलास होतो.

स्कॅनर: कोड वाचा, पुसू नका

पहिली चूक सगळे हीच करतात, कोड आला की इरेज. इरेज केलं की फ्रीज फ्रेमही गेली, म्हणजे कोड आला तेव्हा गाडी कितीच्या स्पीडला होती, कोणत्या गिअरमध्ये, ऑइल किती तापलेलं, ही सगळी फुकट मिळालेली साक्ष तुम्ही स्वतः पुसली. आधी मोबाइलवर फोटो काढा, सगळ्या मॉड्यूलचे.

स्वस्तातला ब्लूटूथ डोंगल बऱ्याचदा फक्त इंजिनचे कोड दाखवतो आणि तिथे दिसतं पी०७००. हा कोड म्हणजे नुसती हाक आहे, टीसीएमने ईसीएमला सांगितलंय की माझ्याकडे काहीतरी लिहिलेलं आहे, लाइट लाव. काय लिहिलंय ते टीसीएम उघडूनच कळतं, त्यासाठी गिअरबॉक्स मॉड्यूल वाचणारा स्कॅनर किंवा अॅप लागतं. पी०७०० वरून कोणी पार्ट बदलायला सांगत असेल तर सरळ गाडी घेऊन घरी या.

मग कोडची भाषा नीट बघा, कारण इथेच अर्धं काम होतं. काही कोड सर्किटचे असतात, म्हणजे टीसीएमने स्वतः करंट किंवा व्होल्टेज मोजून म्हटलंय की वायर तुटलीय किंवा शॉर्ट आहे. पी०७४३ म्हणजे टॉर्क कन्व्हर्टर क्लचच्या सोलेनॉइडचं सर्किट, पी०७५३, पी०७५८, पी०७६३ हे शिफ्ट सोलेनॉइड ए, बी, सी चं इलेक्ट्रिकल, पी०७४८ प्रेशर कंट्रोल सोलेनॉइडचं. हे आले की मीटर काढा. काही कोड मात्र कामाचे असतात, म्हणजे मी सांगितलं पण झालं नाही, जसं पी०७४१ म्हणजे कन्व्हर्टर क्लच लागायला सांगितला पण लागला नाही, किंवा पी०७३१ पासून पुढचे गिअर रेशोचे. ह्यांत वायर ठीक असूनही आत व्हॉल्व्ह अडकलेला किंवा क्लच स्लिप होत असू शकतो. पी०७४१ आणि पी०७४३ ह्यात एका आकड्याचा फरक आहे पण खर्चात कितीतरी पट.

सेन्सरचे म्हणाल तर पी०७०५ रेंज स्विच, पी०७१० च्या आसपासचे ऑइल टेंपरेचर, पी०७१५ आणि पी०७१७ इनपुट स्पीड, पी०७२० आणि पी०७२२ आउटपुट स्पीड. यू ने सुरू होणारे कोड बोलणं तुटल्याचे, यू०१०१ म्हणजे बाकीच्यांना टीसीएम सापडत नाहीये.

आणि एकदम सात-आठ कोड आले, सोलेनॉइडचे, सेन्सरचे, एबीएसचे, शिवाय सोबत पी०५६२ म्हणजे सिस्टिम व्होल्टेज कमी, तर खुश व्हा. एका वेळी आठ पार्ट खराब होत नाहीत. बॅटरी, अर्थ किंवा फ्यूज, ह्यातलं एक काहीतरी आहे.

बॅटरी आणि अर्थ, इथे घाई करू नका

मीटर पाचशे-हजारातला चालेल, मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात पासोड्या विठोबापाशी भरपूर मिळतात, फक्त त्याच्या पिना बारीक टोकाच्या घ्या.

गाडी रात्रभर उभी असेल तर बॅटरी १२.६ च्या आसपास पाहिजे, १२.४ म्हणजे पाऊण भरलेली, १२.२ च्या खाली असेल तर आधी चार्ज करा, बाकी तपासणी नंतर. मग मीटर बॅटरीवर लावूनच सेल्फ मारा, क्रँकिंगला ९.६ च्या खाली पडली तर बॅटरी म्हातारी झालीय. इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.५. नव्या गाड्यांत अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारा) हुशार असतो, मधूनच १३ च्या खालीही येतो, त्याने घाबरू नका, हेडलाइट आणि ब्लोअर लावून परत बघा. मीटर एसी व्होल्टवर टाकूनही एकदा बॅटरीवर बघा, अर्ध्या व्होल्टच्या पुढे दाखवत असेल तर अल्टरनेटरचा डायोड गेलाय, आणि तो घोळ स्पीड सेन्सरच्या सिग्नलमध्ये मिसळून गिअरबॉक्सला वेड लावतो.

आता बीप का फसवतो ते. बऱ्याच मीटरचा बझर तीस-चाळीस ओहमच्या खाली काहीही असलं तरी वाजतो. प्रेशर कंट्रोलचा लिनिअर सोलेनॉइड (करंटप्रमाणे कमी-जास्त उघडणारा) असतो साधारण ५ ओहमचा. समजा त्याच्या वायरीत गंजामुळे २० ओहम घुसलेत. मीटर आनंदाने बीप करणार. पण गणित करा, १२ व्होल्ट भागिले ५ म्हणजे २.४ अँपिअर मिळायला हवे होते तिथे १२ भागिले २५, म्हणजे अर्धा अँपिअरसुद्धा नाही. सोलेनॉइड हलणार काय कप्पाळ. आणि अर्थच्या मुख्य वायरीत तर पाव ओहमही पुष्कळ झाला, ४ अँपिअर जाताना तिथेच १ व्होल्ट गिळला जातो, आणि पाव ओहम आपल्या मीटरला ओहमवर धड दिसतही नाही.

म्हणून व्होल्टेज ड्रॉप, म्हणजे करंट जात असताना वाटेत किती व्होल्ट गिळले जातायत ते मोजायचं. इंजिन चालू, हेडलाइट, एसी, ब्लोअर, मागची काच तापवायची बटण, सगळं लावा. मीटर डीसी व्होल्टच्या लहान रेंजवर. काळी पिन बॅटरीच्या मायनसच्या शिशाच्या खांबावर, क्लँपवर नाही, खांबावर. लाल पिन गिअरबॉक्सच्या उघड्या धातूवर, रंग असेल तिथे नाही. ०.१ व्होल्टच्या आत पाहिजे. मग लाल पिन बॉडीवर, मग टीसीएमच्या अर्थच्या पिनवर मागून. टीसीएमच्या अर्थला ०.१ च्या वर दिसलं तर तिथेच थांबा आणि उलटं चालत या, वायर, लग, बोल्ट, कुठल्या दोन जागांच्या मध्ये आकडा उडी मारतोय ते बघा, तिथेच चोर आहे. कोणाला तरी सेल्फ मारायला सांगून इंजिन ते बॅटरी मायनस पण बघा, ०.३ च्या पुढे जायला नको.

प्लस बाजूलाही तसंच, लाल पिन बॅटरीच्या प्लस खांबावर, काळी टीसीएमच्या सप्लायच्या पिनवर, ०.३ च्या आत. टीसीएमला बहुतेक दोन सप्लाय असतात, एक कायमचा आणि एक किल्लीवरचा, दोन्ही बघा. माझ्या गाडीत अर्थला थंड असताना ०.२ होता आणि तापल्यावर १.१, म्हणून घाटात वीस मिनिटांनी.

बोल्ट काढला की लग आणि बॉडी दोन्ही ब्रशने चकचकीत करा, घट्ट आवळा आणि मग वरून ग्रीस. आधी ग्रीस मग बोल्ट असं नको.

फ्यूज नुसता बघून ठरवू नका, त्याच्या डोक्यावर दोन बारीक धातूचे ठिपके असतात, किल्ली चालू ठेवून दोन्ही ठिपक्यांवर अर्थच्या मानाने १२ येतात का बघा. एकावरच आले तर उडालाय. उडालेला १० चा काढून २० चा घालायचा हा प्रकार करू नका, वायर जळते आणि मग खर्च वेगळाच.

सप्लाय बघायची माझी सगळ्यात आवडती पद्धत मात्र मीटरची नाहीच. इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब घ्या, दोन वायरी लावा. किल्ली बंद करून टीसीएमचा कपलर काढा, किल्ली चालू करा, आणि कपलरच्या सप्लाय पिन आणि अर्थ पिनच्या मध्ये बल्ब लावा. जवळजवळ पावणेदोन अँपिअर ओढतो तो. झगझगीत पेटला तर सप्लाय आणि अर्थ दोन्ही खरे, लालसर मिणमिणला तर मीटर काही का दाखवेना, वायर आजारी आहे. फक्त हा बल्ब सेन्सरच्या किंवा कॅनच्या वायरीला चुकूनही लावू नका, मॉड्यूल उडेल. कोणती पिन कसली ते वायरिंग डायग्राममध्ये बघूनच.

कपलर, उंदीर आणि माझी एक मूर्खपणाची गोष्ट

कपलर काढायच्या आधी किल्ली बंद, बॅटरीचा मायनस काढून दहा मिनिटं थांबा. पिवळ्या वायरी एअरबॅगच्या, जाड केशरी वायरी हायब्रिडच्या हाय व्होल्टेजच्या, दोन्हीला हात नाही.

टॉर्च घेऊन बघा. हिरवा थर, पाणी, वाकलेली पिन, मागे सरकलेली पिन, कपलरचं फाटलेलं रबर. ऑइल असेल तर विशेष लक्ष द्या, गिअरबॉक्सच्या प्लगचं सील गेलं की ऑइल वायरीच्या आतून, तांब्याच्या बारीक तारांमधून दिव्याच्या वातीत तेल चढतं तसं वर चढतं आणि थेट टीसीएमच्या कपलरमध्ये जाऊन बसतं. मर्सिडीजचा ७२२.६ गिअरबॉक्स ह्यासाठी जगभर प्रसिद्ध आहे, १३ पिनांचा प्लग गळतो आणि ऑइल वरपर्यंत. नुसतं पुसून उपयोग नाही, खालचं सील बदला.

पावसाळ्यात उंदीर आणि घुशी हा आपल्याकडचा पहिल्या नंबरचा वायरिंग मेकॅनिक. गरम इंजिनवर येऊन बसतात, गिअरबॉक्सच्या वरची वायरिंग दिसत पण नाही आपल्याला. लेंड्या, कुरतडलेला फोम, भाताची शितं दिसली तर पूर्ण हार्नेस (वायरींचा जुडगा) हाताने चाचपत जा. स्पीड सेन्सरच्या दोन वायरींपैकी एक अर्धवट कुरतडलेली असेल तर कोरड्यात गाडी चालते आणि पाऊस आला की कोड येतो.

आता मूर्खपणा. मी कपलरच्या समोरून मीटरची जाडी पिन घुसवून मोजत बसलो होतो, आणि बायकी पिनचं तोंड फाकलं. म्हणजे एक फॉल्ट शोधताना दुसरा स्वतः तयार केला, तोही लूज कॉन्टॅक्टचा, जो सापडायला सगळ्यात वाईट. म्हणून नेहमी कपलरच्या मागून, वायरीच्या कडेने, बारीक सुई सरकवून मोजायचं. आणि संशय असेल तर त्याच मापाची सुटी नर पिन बायकी पिनेत घालून ओढून बघा, थोडी पकड जाणवली पाहिजे, सुळकन निघाली तर ती पिन बदला. साफ करायला कॉन्टॅक्ट क्लीनर, पेट्रोल नाही, पॉलिश पेपर तर अजिबात नाही, वरचा मुलामा गेला की महिन्यात परत गंज.

सेन्सर आणि सोलेनॉइड

इथे भराभर जातो, कारण वरचं नीट केलंत तर अर्ध्या लोकांना इथवर यायलाच लागत नाही.

रेंज स्विच: स्कॅनरवर लाइव्ह डेटा लावून लिव्हर हळूहळू पी पासून डी पर्यंत न्या. डेटा लिव्हरच्या मागेमागे यायला हवा. एन मध्ये सेल्फ लागतो पण पी मध्ये नाही, रिव्हर्सचा लाइट कधी लागतो कधी नाही, हे ह्याचे चाळे. कधीकधी स्विच चांगला असतो आणि नुसता सरकलेला असतो.

टेंपरेचर: रात्रभर उभ्या गाडीत सकाळी किल्ली चालू करून इंजिनचं कूलंट, हवेचं आणि गिअरबॉक्स ऑइलचं टेंपरेचर तिन्ही जवळपास एक पाहिजेत. ऑइल उणे ४० दाखवतंय तर वायर तुटलेली, कारण सिमल्यातसुद्धा एवढी थंडी नसते. सकाळी सकाळी दीडशे दाखवतंय तर शॉर्ट.

स्पीड सेन्सर: आधी प्रकार ओळखा. जुने कॉइलचे दोन वायरींचे असतात, काहीशे ओहमचे, चाक फिरवलं की एसी व्होल्ट देतात. नवे हॉलचे (चुंबकीय बदल ओळखणाऱ्या चिपचे), त्यांना सप्लाय लागतो आणि त्यांच्यावर ओहम लावून काही कळत नाही. दोन वायरी दिसल्या म्हणून कॉइलच समजू नका, हॉलचेही दोन वायरींचे येतात. सगळ्यात सोपं लाइव्ह डेटा. टॉर्क कन्व्हर्टरच्या गाडीत एन मध्ये इनपुट स्पीड इंजिनच्या आरपीएमच्या जवळ असतो, ब्रेक गच्च दाबून डी टाकला की तो शून्यावर येतो. असं होत असेल तर इनपुट सेन्सर काम करतोय.

सोलेनॉइड: ऑन-ऑफ वाले बऱ्याच गाड्यांत ११ ते १६ ओहमच्या आसपास, लिनिअर वाले ५ च्या आसपास, तुमच्या गाडीचा नेमका आकडा सर्व्हिस मॅन्युअलमधून घ्या. थंड आणि गरम दोन्ही मोजा. तांब्याचा रेझिस्टन्स तापल्यावर वाढतोच, २० डिग्रीला ५.३ असेल तर १०० डिग्रीला जवळजवळ ७ होतो, ते नॉर्मल. एकदम ओपन झाला तर आतली तार तापल्यावर सुटतेय. तसंच प्रत्येक पिन ते गिअरबॉक्सचा धातू बघा, तिथे काही दाखवायला नको, पण एकाच वायरीचे सोलेनॉइड असतील तर ते धातूतूनच अर्थ घेतात, मग तिथे आकडा येणारच. लिनिअर सोलेनॉइडला थेट बॅटरी लावून टकटक ऐकायचा मोह टाळा, जळतो.

मोजायची जागा महत्त्वाची. आधी टीसीएमच्या कपलरवर, मग गिअरबॉक्सच्या प्लगवर. वर आकडा चुकीचा आणि खाली बरोबर, तर मधली वायरिंग. दोन्हीकडे चुकीचा तर मग ऑइल सांडायची तयारी ठेवा. असं अर्धं-अर्धं करत गेलं की चोर कोपऱ्यात येतोच.

कॅन तुटलं असेल तर

यू चे कोड असतील तर बॅटरीचा मायनस काढून थोडं थांबा आणि ओबीडी सॉकेटच्या (जिथे स्कॅनर लावतात त्या) ६ आणि १४ नंबरच्या पिनांमध्ये ओहम बघा. लाइनच्या दोन टोकांना १२०-१२० ओहम असतात, म्हणून मिळून ६० यायला हवेत. १२० आले तर एक टोक तुटलंय, शून्याच्या जवळ आले तर दोन्ही वायरी एकमेकींना चिकटल्यात. ज्या गाड्यांत मध्ये गेटवे (सॉकेट आणि आतल्या लाइनच्या मधलं मॉड्यूल) आहे तिथे हे सॉकेटवर दिसत नाही, टीसीएमच्या कपलरवर बघावं लागतं. बॅटरी जोडून किल्ली चालू केल्यावर दोन्ही वायरींवर अडीच व्होल्टच्या आसपास, एकीवर किंचित जास्त, एकीवर किंचित कमी. एकीवर सरळ १२ किंवा सरळ शून्य म्हणजे शॉर्ट. मग एकेक मॉड्यूलचा कपलर काढत जा, कोणता काढल्यावर लाइन सुधारते ते बघा. बाजारातून बसवलेला म्युझिक सिस्टिम, रिव्हर्स कॅमेरा, रिमोट लॉक असलं काही असेल तर आधी तेच काढा, मला विचाराल तर तिथेच पैज लावीन.

लपाछपी खेळणारा फॉल्ट

फॉल्ट गॅरेजमध्ये येतच नाही, ही सगळ्यांची तक्रार. मग त्याला बोलवायचं. चाकांना दगड लावा, हँडब्रेक ओढा, एक माणूस आत ब्रेकवर, लाइव्ह डेटा चालू, आणि तुम्ही हार्नेस एकेक वीत हलवत जा. गिअरबॉक्सच्या प्लगपाशी, ब्रॅकेटवर घासते तिथे, बॅटरी ट्रेच्या कडेला. आतला माणूस ओरडला "गेला!" की ती वीत धरून ठेवा. हलवून नाही आला तर हेअर ड्रायरने तापवा, नाहीतर झाडांना मारायच्या स्प्रेने पाणी फवारा. घरात हेअर ड्रायर कशाला हवाय ते आधी सांगून ठेवा, मी नव्हतं सांगितलं.

जोडणी आणि त्यानंतर

वायर जोडायची तर नीट क्रिंप किंवा सोल्डर आणि वर आतून गोंद असलेली हीट श्रिंक. पिळून काळी टेप म्हणजे पुढच्या पावसाळ्याची अपॉइंटमेंट. दोन वायरी असतील तर जोड एकाच जागी आणू नका, पुढे-मागे ठेवा, आणि कॅनच्या दोन वायरी जशा पिळलेल्या होत्या तशाच परत पिळा.

टीसीएम बदलायची वेळ केव्हा? सप्लाय लोडवर ठीक, अर्थ लोडवर ठीक, सगळे सेन्सर येतायत, सोलेनॉइड आणि मधली वायरिंग ठीक, आणि तरीही टीसीएमच्या पिनवर सोलेनॉइडसाठी करंट निघत नाही, तेव्हा. त्याच्या आधी नाही. आणि कुर्ल्याच्या स्क्रॅप बाजारातून आणलेला टीसीएम बऱ्याच गाड्यांत नुसता लावून चालत नाही, गाडीला कोडिंग करून द्यावं लागतं, ते करणारा माणूस आधी शोधा, मग टीसीएम घ्या.

सगळं झालं की आता कोड इरेज करा. बॅटरी काढलेली असेल तर किंवा सोलेनॉइड बदलला असेल तर काही गाड्यांत टीसीएमचं शिकलेलं पुसलं जातं किंवा चुकीचं ठरतं, स्कॅनरने रीलर्न करायचं असतं, एएमटीत क्लचचं पण. पहिले पन्नास-साठ किलोमीटर गिअर थोडे उद्धट पडतील, पाय हलका ठेवा. मग घरी येऊन पेंडिंग (अजून पक्के न झालेले) कोड बघा, तीन दिवसांनी परत बघा, आणि जमलं तर एकदा भर पावसात चालवून आल्यावर.